कोंडाबाईचं एक वाक्य

"पहिली चिठ्ठी रेणुकाची," असं म्हणून सुहासनं स्टीलचा डबा माझ्या नाकापुढं धरला.

"माझी का? काका आहेत की मोठे. वयाचा काही मान ठेवा."

"अगं, काढ तूच," जोगळेकर काका म्हणाले. "तुझा हात चांगला आहे."

माझा हात चांगला! एवढं ऐकल्यावर मी कशाला मागं सरतेय? डब्यातल्या चिठ्ठ्या चांगल्या ढवळल्या, डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि एक उचलली. अश्लेषाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : कोंडाबाई. डोंगरात एकटी राहते. झाडपाल्याची औषधं करते. माणसांना बुजते. आख्ख्या खेळात एकच वाक्य बोलेल.

"ए, हे काय?" मी किंचाळले. "एकच वाक्य? सुहास, अरे मी दात घासतानासुद्धा एका वाक्यावर थांबत नाही!"

"नशीब ज्याचं त्याचं," तुषार भिंतीकडं बघत म्हणाला.

आता हा खेळ कसला ते सांगते. पट नाही, सोंगट्या नाहीत. सुहास गोष्ट सांगायचा आणि आम्ही चौघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. कुठं जायचं, कुणाशी भांडायचं, कुणाला वाचवायचं, सगळं ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं बोलायचं. अडलं की फासा टाकायचा. सुहास कुंभोजकर शाळेत चित्रकला शिकवायचा. पुण्याच्या मावसभावाकडं हा खेळ बघून आला आणि मिरजेत येऊन त्यानं आपला मराठी खेळ रचला. दर रविवारी दुपारी तीन ते सहा, त्याच्या चित्रकलेच्या क्लासच्या खोलीत. खाली सतारी करणाऱ्यांचं दुकान, त्यामुळं आमच्या लढाया भोपळा घासायच्या आवाजावर चालायच्या. जोगळेकर काका पोस्टातून रिटायर झालेले, तुषार चौगुलेचं औषधाचं दुकान, मी आणि अश्लेषा एकाच साडीच्या दुकानात कामाला. मी पुढं गादीवर साड्या दाखवायला, ती मागं पिको-फॉलच्या मशीनवर.

तोवर झालेल्या दोन्ही खेळांत मी राणी होते. म्हणजे पहिल्यात राणी आणि दुसऱ्यात सरदाराची बायको, पण राज्य मीच चालवत होते. त्या श्रावणात तिसरा खेळ सुरू होत होता. बारा खिंडी ओलांडून एक तांडा पलीकडं न्यायचा. सुहास म्हणाला होता, या वेळी भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, कुणाची कुरकुर नको.

माझ्यामागून काकांनी चिठ्ठी काढली. "दरोडेखोर भैरू," त्यांनी वाचलं आणि लगेच चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. पोस्टातल्या माणसाची सवय असेल म्हणून मी सोडून दिलं. तुषारनं काढली. "वाटाड्या," म्हणाला आणि चिठ्ठी खिशात टाकली. शेवटची अश्लेषाची.

"तांड्याची म्होरकी," ती हळूच म्हणाली.

मला हसू फुटलं. अश्लेषा मगदूम आणि म्होरकी! शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायचं असलं तरी जिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, ती तांडा हाकणार.

"आपण बदलू या ना," मी म्हटलं. "आम्ही दोघी अदलाबदल करतो. तिलाही बरं, मलाही बरं. काय गं?"

अश्लेषानं माझ्याकडं बघितलं. "मला..." ती म्हणाली आणि थांबली. ती अशीच बोलायची. वाक्याच्या मध्यावर यायची आणि अंधारात पायरी चाचपावी तशी थांबायची.

"बघा, तिला चालतंय," मी म्हटलं.

"बदलाबदली नाही," सुहास म्हणाला. "आणि रेणुका, खरं सांगू? बडबडी राणी कुणीही करेल. गप्प राहून जिवंत वाटणारं माणूस उभं करायचं, त्याला दम लागतो. कॉलेजच्या एकांकिकेत बक्षीस घेतलंयस ना? मग दाखव."

झालं. मला कुठं टोचायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. ती चिठ्ठी मी पाकिटात देवीच्या फोटोमागं ठेवली आणि ठरवलं, कोंडाबाई अशी करून दाखवीन की मिरजेत नाव निघेल.

*

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन पिकोच्या मशीनपाशी गेले.

"अश्लेषा, मला बुजरेपणा शिकव."

तिची सुई थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तू लहानपणापासून बुजरी. तुझ्याएवढं कुणाला येतंय? मी आत्ता आरशात करून बघितलं. मान खाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायचं, असं."

"नाही," ती म्हणाली. "मान खाली घातली की लोक विचारतात, काय झालं म्हणून. मग उत्तर द्यावं लागतं. मान सरळ ठेवायची. फक्त बघायचं एखाद्या बारीक वस्तूकडं. कपाचा कान. कुणाच्या शर्टाचं बटण."

मी वहीच काढली. खोटं नाही सांगत, बिलबुकाच्या मागं लिहून घेत होते.

"आणि उशिरा जायचं नाही. सगळे बसल्यावर आत गेलं की सगळे बघतात. सगळ्यांच्या आधी जायचं. दाराजवळची जागा धरायची."

अरे देवा! म्हणून ही बाई प्रत्येक लग्नाला तासभर आधी जाऊन बसायची होय! वीस वर्षं मैत्रीण होती माझी आणि मला वाटत होतं की हिला वेळ पाळायची हौस आहे.

"अजून?"

"कुणी काही विचारलं तर..." ती थांबली.

"तर लाजायचं."

"तर दहा अंक मोजायचे," ती म्हणाली. "मनात. मग उत्तर."

"दहा? अगं गिऱ्हाईक उठून जाईल!"

"जात नाही. तेवढ्यात बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी उत्तर देतं." तिनं धागा दातानं तोडला.

मी पोळीचा घास घेतला आणि पहिल्यांदाच त्या कोपऱ्याकडं नीट बघितलं. वर एक बल्ब, पुढं भिंत, बाजूला फॉलच्या रिळांचा ढीग. "पण तुला कंटाळा नाही येत गं? दिवसभर इथं एकटी?"

तिनं विचार केला. "मला एकटीला राहता येतं, रेणू. तुम्हाला..."

"...वेळच मिळत नाही!" मी म्हटलं. "ते तर आहेच. अगं आता दिवाळीपर्यंत बघ, पाणी प्यायला फुरसत नाही." तेवढ्यात पुढून मालकांनी हाक मारली, कुणी पैठणी बघायला आलं होतं, आणि मी डबा तसाच टाकून पळाले.

*

आणि मी कोंडाबाई केली. अशी केली म्हणता! रविवारी अडीचलाच जाऊन दाराजवळची जागा धरायची. काकांच्या शर्टाचं दुसरं बटण मला अजून आठवतं, काळा दोरा आणि पांढरं बटण. नदीला पूर आला, मी नुसतं बोट दाखवून उतार दाखवला. तुषारच्या वाटाड्याला साप चावला, मी एक अक्षर न बोलता पाला चेचून लावला. आतून जीव नुसता कासावीस व्हायचा. दरोडेखोर भैरू दर वेळी चुकीच्या वाटेनं जायचा आणि मला दिसत असून बोलता यायचं नाही. घरी जाऊन आईपुढं तीन तासांचं सगळं एकदम ओकायची.

पण कौतुक काय व्हायचं! "वा, रेणुका, काय गप्प बसतेस!" तुषार म्हणायचा. "अशीच राहा," सुहास म्हणायचा. काका तर एकदा डोळे मिटून म्हणाले, "काय शांत वाटलं गं आज." मला वाटायचं, हे कोंडाबाईला म्हणतायत. पाच मिनिटं चहाची सुट्टी असायची, तेव्हासुद्धा सुहास सांगायचा, भूमिका सोडू नकोस, लय तुटेल. मी चहाही मुक्यानं प्यायची. मूर्ख कुठली!

आणि अश्लेषा बोलायला लागली. पहिले दोन रविवार चाचपडत, मग हळूहळू. अर्ध्यावर थांबायची आणि सगळे तिच्याकडं बघत बसायचे. सुहास फासा हातात घेऊन थांबायचा. काका पुढं वाकायचे. मग ती उरलेलं अर्धं बोलायची आणि ते असं काही असायचं की कुणाच्या ध्यानीमनी नसावं. सातव्या खिंडीत तिनं भैरूला तांड्याचा खजिनदार केलं. दरोडेखोराला! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या क्षणापासून भैरू सुधारला. दाराजवळ बसून मला वाटलं, बघा, ही माझी मैत्रीण. हिला इथं आणलं कुणी? मी. अभिमानानं नुसती फुगले होते मी.

माझं एक वाक्य शिल्लक होतं. तेवढ्यावर मी जगत होते. साड्यांच्या घड्या घालताना, बसमध्ये, अंघोळीला, डोक्यात तेच. बाराव्या खिंडीत बोलायचं हे नक्की होतं, कारण सुहासनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं : शेवटची खिंड तांड्यातल्या एकाला ठेवून घेते. कोण राहणार ते तिथं ठरेल. अहो, कोंडाबाईशिवाय कोण राहणार? चार महिने गप्प बसलेली बाई एकदाच तोंड उघडणार आणि सगळ्यांना पार करणार. कितीतरी वाक्यं केली आणि खोडली. दिवाळी संपली आणि एका सकाळी सापडलं.

खेळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, डबा खाताना राहवेना. अश्लेषाच्या कानाशी लागले. "कुणाला सांगू नकोस हं. उद्याचं माझं वाक्य ऐक." आणि कोंडाबाईच्या आवाजात म्हटलं, "मी राहते. मला एकटीला राहता येतं, तुम्हाला येणार नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. घास हातातच.

"बोल की. कसंय?"

"हे तुला कुठं..." ती म्हणाली.

"सुचलं? अगं आपोआप. तुळशीला पाणी घालत होते आणि आलं तोंडात. अंगावर काटा आला की नाही?"

ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "चांगलं आहे." मग तिनं डब्याचं झाकण लावलं. भाजी तशीच होती आत.

*

रविवारी मी जरीकाठाची साडी नेसून गेले. कोंडाबाईला शोभत नव्हती, पण माझा दिवस होता.

बाराव्या खिंडीशी आम्ही पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. सुहासनं खिडकी लावून घेतली, आवाज जड केला. तो आता खिंडीचा राखणदार होता.

"तांडा जाईल," तो म्हणाला. "एक माणूस राहील. त्याला पुन्हा कुणी भेटणार नाही. कोण राहणार?"

माझं काळीज असं धडधडत होतं की मला वाटलं, खालच्या सतारवाल्यालासुद्धा ऐकू जाईल. लगेच बोलायचं नाही, मी स्वतःला बजावलं. कोंडाबाई लगेच बोलत नाही. काकांच्या बटणाकडं नजर लावली. एक. दोन. तीन. किती छान शांतता ती. चार. पाच. सहा. सात.

"मी राहते," अश्लेषा म्हणाली.

मला आधी कळेचना. मान वळवली तर ती राखणदाराकडं बघत होती. थेट त्याच्या डोळ्यांत.

"मला एकटीला राहता येतं," ती म्हणाली. "तुम्हाला..."

आणि थांबली. सुहास थांबला. काका पुढं वाकले. तुषारनं श्वास धरला. ती त्या वाक्याच्या मध्यावर उभी, ओठ उघडे, पुढचा शब्द अगदी जिभेवर.

"येणार नाही!" मी ओरडले.

अश्लेषाचे ओठ मिटले. सुहासनं हातातला फासा हलकेच टेबलावर ठेवला.

"कोंडाबाईचं वाक्य झालं," तो म्हणाला.

"काय झालं? काही झालेलं नाही!" मी उठून उभी राहिले. साडीचा पदर खुर्चीत अडकला, तो ओढून काढला. "ते वाक्य माझं होतं. माझं! काल डबा खाताना हिला सांगितलं होतं मी, विश्वासानं. चार महिने तोंड शिवून बसलेय त्या एका वाक्यासाठी, आणि ही... अश्लेषा, तू चोरी केलीस? माझ्यापासून?"

"रेणुका, बस," सुहास म्हणाला.

"बसणार नाही!"

"अरे यार," तुषारनं कपाळाला हात लावला. "सोळा रविवार किती छान चाललं होतं. आजचा एक दिवस निघाला असता तर काय..."

"निघाला असता म्हणजे?"

"काही नाही."

"तुषार, काय निघाला असता?"

तो काकांकडं बघायला लागला. काका सुहासकडं. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या नजरा वाचून पोट भरलंय. आवडलेली साडी बाजूला ठेवून भलत्याच साडीला हात लावणाऱ्या बायकांच्या नजरा असतात ना, तशा दिसल्या मला तिघांच्या.

"सांगून टाक रे, सुहास," काका म्हणाले. "पोरीला अंधारात ठेवणं मला पहिल्यापासून पटलं नव्हतं."

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, तुझा हात चांगला आहे म्हणून," तुषार म्हणाला.

"म्हणालो. चुकलो."

"कुठला हात?"

सुहास चष्मा पुसत होता. "चिठ्ठ्या," तो म्हणाला. "डब्यात चार होत्या. चारही चिठ्ठ्यांवर कोंडाबाईच होती."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग काकांनी केलेले ते बारीक तुकडे आठवले. तुषारचा खिसा आठवला. त्यांनी चिठ्ठ्या काढल्या, उघडल्या, वाचल्या, माझ्यासमोर. तिघांच्या हातात कोंडाबाई होती आणि तिघांनी तीन वेगळी नावं वाचली.

"का?" मी विचारलं.

"तू कुणाला बोलू देत नव्हतीस गं," तुषार म्हणाला. "दोन खेळ आम्ही नुसते 'हो राणीसाहेब' म्हणत होतो. तुला दुखवायचं नव्हतं."

दुखवायचं नव्हतं! वा रे वा! म्हणजे काय गप्प बसतेस, अशीच राहा, काय शांत वाटलं, हे सगळं मला होतं. कोंडाबाईला नव्हतंच. सोळा रविवार मी घरी जाऊन आईला सांगत होते की लोक माझ्या अभिनयावर खूश आहेत, आणि ही माणसं चहासुद्धा मला मुक्यानं प्यायला लावून आपसांत सुखानं गप्पा मारत होती. तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, आठ दिवस आले नसते. पण आले असते. हा तर केसानं गळा कापला माझा.

आणि मग मला अक्षर आठवलं.

पाकीट काढलं. देवीच्या फोटोमागची चिठ्ठी काढली. टपोरं, सुंदर अक्षर. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला बाई हिलाच बोलवायच्या.

"चारही तूच लिहिल्यास?" मी विचारलं.

"हो," अश्लेषा म्हणाली. दहा मोजले नाहीत तिनं.

"आणि मला शिकवलंस. मान अशी ठेव, दहा मोज. मी बिलबुकावर लिहून घेत होते गं! मनात हसत असशील."

"हसले नाही. तुला सांगायचं होतं मला. दोन वर्षं सांगायला सुरुवात करत होते. दर वेळी..."

"...मी ऐकलं नाही, असंच ना? सगळं माझ्यावरच!"

तुषारनं पुन्हा कपाळावर हात मारला. काकांनी डोळे मिटले. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, त्या खोलीत घुमलेला. मी खाली बसले.

मग अश्लेषाच बोलली, टेबलावरच्या फाशाकडं बघत. "ते वाक्य तुझं नव्हतं, रेणू. श्रावणात, मशीनपाशी तू विचारलंस, कंटाळा येत नाही का. तेव्हा मी म्हटलं होतं. अर्धं. उरलेलं तू आपल्या मनानं लावलंस आणि पैठणी दाखवायला गेलीस. काल तू तेच मला ऐकवलंस, तुळशीपाशी सुचलं म्हणून. त्यालाही शेवट तुझाच लावला होतास."

मला आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं. मग पोळीचा घास आठवला, बल्ब आठवला, रिळांचा ढीग आठवला.

"आज मला ते पूर्ण करायचं होतं," ती म्हणाली. "एकदा. कुणीतरी ऐकत असताना."

"मग कर आता," मी म्हटलं. आवाज रडका झाला होता माझा. "कसं संपत होतं? येणार नाही, असं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग? तुम्हाला काय?"

तिनं वर बघितलं. तोंड उघडलं. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि मोजायला लागले. एक शब्द बोलले नाही. दहा झाले, वीस झाले. खाली कुणीतरी सतारीची एक तार जुळवत होतं, परत परत तीच. तीस झाले.

"जाऊ दे," ती म्हणाली. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

मीही तो जिना पुन्हा चढले नाही. त्यांचा खेळ मात्र चालू राहिला, माझ्याशिवाय. एकदोनदा रविवारी मुद्दाम त्या गल्लीतून गेले. वरच्या खिडकीतून तिचा आवाज आला, मधला थांबा आला आणि पुन्हा तिचाच आवाज. दुकानात आम्ही पिको आणि फॉलपुरतं बोलायचो. दीड वर्षानं तिचं लग्न झालं आणि ती निपाणीला गेली. पत्रिका आली होती. मी आहेर पाठवला, गेले नाही.

त्याला आता सोळा वर्षं झाली. मी अजून त्याच गादीवर आहे. गेल्या चैत्रात ती आली, पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. केस पिकलेले, अंगानं भरलेली, पण दुकान उघडल्या उघडल्या हजर. मला काय बोलावं सुचेना, म्हणून नुसत्या साड्या उलगडत गेले. तिनं चार घेतल्या. माझ्या मुलांचं विचारलं, आईचं विचारलं. निघताना दारापर्यंत गेली आणि वळली.

"रेणू, त्या दिवशी मी..."

आणि थांबली. माझ्या हातात अर्धी घडी घातलेली मोरपंखी साडी होती. मी हलले नाही. आतून मालक ओरडले, "रेणुकाताई, इकडं शालू दाखवा!" मी ओ दिली नाही. दहा झाले. वीस झाले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिसाच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की तीही मोजतेय.

"आता येतं की गं तुला," ती म्हणाली. हसली, आणि पायऱ्या उतरून गेली.

वाक्य काही तिनं दिलं नाही. त्या चार चिठ्ठ्यांचं मी तिला अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण ते कसं संपणार होतं एवढं जरी तिनं सांगितलं असतं ना, तर तीन तरी मी सोडून दिल्या असत्या.